थोरलीला कुणी सांगितलं नव्हतं

इथले अनुभव मी बरीच वर्षं गुपचूप वाचतोय. प्रत्येकाची सुरुवात 'माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही' अशीच असते, त्यामुळे आपलीही तशीच करायची म्हणजे जरा लाज वाटते. पण काय करणार, नाहीच विश्वास! मी डिप्लोमा मेकॅनिकल. अंबरनाथच्या एमआयडीसीत मेन्टेनन्स खात्यात उभं आयुष्य गेलं. जे हलतं ते कशामुळे तरी हलतं, आणि जे थांबतं ते बहुतेक वेळा ग्रीस नसल्यामुळे थांबतं... एवढंच माझं तत्त्वज्ञान. आमची ही म्हणते, "तुमच्यासमोर भूत उभं राहिलं तर तुम्ही त्याला विचाराल, शेवटचं सर्व्हिसिंग कधी झालं होतं?"

शिवाय तुमच्या अनुभवांत अमावास्या असते, पिंपळ असतो, पांढऱ्या साडीतली बाई असते. माझ्याकडे यातलं काहीच नाही. माझा प्रकार रविवारी भर उन्हात, सनईच्या कॅसेटच्या साथीवर, अख्ख्या वऱ्हाडासमोर घडला. आणि तेव्हा मी डोक्याला मुंडावळ्या बांधून बसलो होतो. म्हणजे साक्षीदार म्हणून माझी किंमत काय ते तुम्हीच ठरवा — स्वतःच्या लग्नात नवऱ्याला काहीही दिसू शकतं.

तर... नव्वदच्या आसपासची गोष्ट. आमचं गाव बदलापूरच्या पलीकडे, उल्हास नदीच्या अंगाला. तेव्हा तिथे आजच्यासारखे टॉवर नव्हते. भाताची खाचरं होती, वीटभट्ट्या होत्या, आणि आमच्या काकांचा ट्रक होता. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. भट्टीवरच्या विटा, पेंढा, कुणाच्या घराची वाळू... जे मिळेल ते भरून बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर अशा खेपा मारायचे. गाडी जुनी, पुढे लांब नाकाडासारखं बॉनेट असलेली. मी शाळेत जायच्या आधीपासून ती जुनीच होती.

या गाडीला घरात 'थोरली' म्हणत. नाव काकूने ठेवलेलं. काकू लग्न होऊन आली त्याच्या आदल्या वर्षी गाडी घरात आली होती. पहिल्याच आठवड्यात काकूच्या लक्षात आलं, की नवरा सकाळी उठल्यावर आधी गाडीला हात लावतो, मग तोंड धुतो आणि मग आपल्याकडे बघतो. तेव्हा ती सासूला म्हणाली, "थोरली बाहेर उभी हाय. मी आपली धाकटी." तेव्हापासून थोरली ती थोरलीच.

थोरलीच्या इंजिनाची ख्याती पार कर्जतपर्यंत होती. एका पावसाळ्यात नदी चढली आणि गाडी सीटपर्यंत पाण्यात उभी राहिली. पाणी उतरल्यावर काकांनी तिच्यातला गाळ काढला, ऑइल बदललं, आणि ती खोकून चालू झाली. एकदा डिझेल मिळेना म्हणून रॉकेल घातलं, चालली. एकदा तर कुणाच्या तरी बारशातलं तळणाचं उरलेलं तेल गाळून घातलं. त्या दिवशी थोरली उल्हासनगरपर्यंत कांदाभज्यांचा वास सोडत गेली, आणि तिथल्या कॅम्पातली माणसं दुकानाबाहेर येऊन भज्यांची गाडी शोधत होती. काका छातीवर हात ठेवून सांगायचे, "माणूस दगा देईल, थोरली नाय देणार."

फक्त बॅटरी नावालाच होती. त्यामुळे गाडी नेहमी मारुतीच्या देवळाजवळच्या उतारावर लावायची. चाकाखाली दगड. निघताना दगड काढायचा, गाडी आपोआप घरंगळायची, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला की 'ढुक्' करून इंजिन चालू. आणि एकदा चालू झालं, की दिवसभराच्या खेपा संपेपर्यंत बंद करायचं नाही. काका जेवायला बसले तरी थोरली बाहेर 'ढुक-ढुक-ढुक' करत उभी. पाहुण्यांना वाटायचं, गिरणी आहे.

आता काकूचं दुःख सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यातून झाला. काका कुठल्याही लग्नाला गेले, की ऐनवेळी थोरलीचं बॉनेट उघडायचे. काही बिघडलेलं नसायचं. "जरा बघतो," म्हणायचे, आणि नवा सदरा कोपरापर्यंत काळा करून यायचे. त्यांच्या स्वतःच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा सदऱ्यावर पोटापाशी तेलाचा अख्खा पंजा उठलाय. काकू तो फोटो भिंतीवर लावायची नाही. कपाटात, साड्यांच्या खाली.

माझं लग्न ठरलं तेव्हा तिने काकांना तुळशीपुढे उभं केलं.

"मला या लग्नात आपला जोडीनं एक फोटो पायजे. तुम्ही पांढरेशुभ्र. आयुष्यात एक. घ्या शपथ — नवरी घरात येईपर्यंत बॉनेटला हात लावणार नाय."

"थोरलीची शपथ," काका म्हणाले.

"देवाची घ्या!"

"देवाची काय, कुणीपण घेतो. मी थोरलीची घेतली म्हणजे पाळणार."

काकूला राग आला, पण पटलंही.

मुलगी अंबरनाथ पूर्वेची. सासरे ऑर्डनन्स फॅक्टरीतले. भोंग्यावर उठणारं, भोंग्यावर जेवणारं आणि भोंग्यावर झोपणारं घर. आमच्या गावची लग्नं आणि मुहूर्त यांची कधी गाठ पडत नाही, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. साखरपुड्यालाच त्यांनी मला बाजूला घेतलं. "जावईबापू, हॉल आपल्याला दुपारपर्यंतच आहे. तीननंतर दुसरं लग्न. मुहूर्त बाराच्या आतला. तो चुकला तर मी माझ्या भावाबहिणींना तोंड दाखवू शकणार नाही. त्यांनी मला आधीच सांगितलंय, गाववाल्यांकडे मुलगी देऊ नकोस."

मी ताठ मानेने म्हणालो, "काळजी करू नका. मी बस ठरवलीय."

आणि काय बस! पडदे, पंखे, टेप! मला थोरलीतून, विटांच्या भुकटीत बसून सासरी जायचं नव्हतं. काका बाहेर जाऊन थोरलीची काच पुसत बसले.

लग्नाच्या दिवशी सकाळी बस गावात आली, टेप लावून आली, सगळी पोरं तिच्या मागे पळाली... आणि वेशीपाशी वळताना खालून 'कर्र' असा आवाज आला. ड्रायव्हर खाली उतरला, वाकून बघितलं, आणि म्हणाला, "क्लच प्लेट गेली." टेप मात्र चालूच होता.

त्या दिवशी रुळांचं काम काढल्यामुळे ट्रेन दुपारपर्यंत बंद. आसपासच्या रिक्षा शोधल्या तर एक मिळाली, आणि तिच्यात भटजी, आत्या आणि रुखवताची टोपली एवढंच मावलं. बाबा घड्याळाकडे बघत होते, मी आरशाकडे. मुंडावळ्यांमधून घाम गळत होता. डोळ्यांपुढे सासऱ्यांचा चेहरा. त्यांच्या मागे त्यांचे सगळे भाऊबहीण, हाताची घडी घालून.

तेवढ्यात काका पांढराशुभ्र लेंगा-सदरा, टोपी अशा थाटात उठले.

"दगड काढा रे," म्हणाले.

माझी अक्कल बघा, त्याही अवस्थेत मी म्हणालो, "काका, ट्रकमधून?"

"नाय तर चालत जा. मुंडावळ्या सांभाळ फक्त."

काका उतारावर गेले, स्टेअरिंगवर बसले. पोरांनी दगड काढला. थोरली घरंगळायला लागली. आणि एवढ्यात घरातून काकू धावत आली. हातात औक्षणाचं ताट, निरांजन विझलेलं, कुंकू सांडतंय.

"अहो! अहो, ऐका! थांबा! तुमची ती गाडी..."

ढुक्!

इंजिन चालू झालं.

काकू होती तिथेच थांबली. तोंड उघडंच. ताट तिरकं. मला वाटलं, धावून दम लागला असेल. काकांनी मान बाहेर काढून विचारलं, "काय गं? गाडीचं काय?"

काकू एकदा त्यांच्याकडे, एकदा बॉनेटकडे बघत राहिली. मग तिने तोंड मिटलं. "काय नाय," म्हणाली. "मी... मी पुढं बसते."

मागे पेंढा अंथरला, त्यावर सतरंज्या, त्यावर वऱ्हाड. पुढे केबिनमध्ये काका, मध्ये काकू, आणि दाराशी मी.

आता तुम्हाला काकू माहीत नाही, म्हणून सांगतो. आमची काकू गप्प बसत नाही. म्हणजे शब्दशः नाही. झोपेतसुद्धा भाजीवाल्याशी भांडते. पण त्या दिवशी गाव सुटलं, भट्ट्या मागे पडल्या, बदलापूर आलं... काकू गप्प! डोळे मिटलेले, ओठ गच्च, आणि माझ्या दंडाला अशी धरून बसलेली की तिच्या बांगडीचा वळ हळदीच्या वर उठला.

"आज काय मौनव्रत?" काकांनी विचारलं. "पुतण्याच्या लग्नात रडू येतंय काय?"

काकूने नुसती मान हलवली. हो पण नाही आणि नाही पण नाही, अशी.

"आणि इंजिन बघ कसं चाललंय," काका माझ्याकडे वळून म्हणाले. "लोण्यासारखं. आज आवाजच वेगळा हाय. ऐक, ऐक..."

मी ऐकलं. खरंच, आवाज हलका होता. नेहमी थोरली चालायला लागली की दात वाजायचे. त्या दिवशी आपण बोललेलं आपल्यालाच ऐकू येत होतं. मी मेकॅनिकलचा माणूस, लगेच ज्ञान पाजळलं. "काका, टॅपेट सेटिंग केलंत वाटतं?"

काकूने इतक्या जोरात चिमटा काढला की मी उडालो.

"काकू! काय झालं?"

तिने ओठांवर बोट ठेवलं. फक्त बोट. आणि डोळे इतके मोठे केले की मी पुढे काही विचारलं नाही. म्हटलं, बायकांचं काहीतरी असेल, मुहूर्ताचं वगैरे. उद्यापासून आपल्याकडेही एक असणार आहे, आतापासून गप्प बसायची सवय केलेली बरी.

आणखी एक गोष्ट. धूर! थोरलीच्या मागून चाललेला माणूस घरी जाऊन आंघोळ करायचा, इतका काळा धूर ती सोडायची. मागे बसलेल्या मावशीने मधल्या जाळीतून ओरडून सांगितलं, "अरे, आज गाडीला धूर कसा नाय? माझा शालू अजून पिवळाच हाय!"

काका खूश. "शहाणी हाय माझी. लग्न म्हणून आवरून निघाली!"

रेल्वे फाटकाजवळचा चढ आला. सांगतो ते नीट वाचा, कारण पुढे याचा संबंध आहे. पूर्ण चढ, मागे भरगच्च वऱ्हाड. तिथे नव्या गाड्याही कण्हायच्या. काकांनी गिअर खाली घेतला. काकूने माझा दंड सोडला, दोन्ही हात जोडले आणि समोर, डॅशबोर्डपुढे, मान खाली घालून बसली. एवढ्या वर्षांत सवतीला नमस्कार केलेला मी पहिल्यांदाच बघितला. थोरली एका दमात चढली. खोकलीसुद्धा नाही.

हॉलच्या कंपाऊंडमध्ये शिरलो, तेव्हा सासरे दारात उभे. घड्याळ बघितलं. पुन्हा बघितलं. मग कानाला लावून बघितलं.

"वेळेच्या आधी?" ते म्हणाले. आणि ट्रकमधून उड्या मारणारं माझं वऱ्हाड बघून त्यांच्या एका बहिणीने नाक मुरडलं खरं, पण दुसरी म्हणाली, "काही म्हण, शब्दाची माणसं आहेत." सासऱ्यांनी तिथल्या तिथे माझा हात हातात घेतला. आणि बराच वेळ सोडलाच नाही. तेव्हा मला कळलं, की भीती फक्त मलाच वाटत नव्हती.

काकांनी थोरली भिंतीकडेला लावली. अर्थात चालूच ठेवून. मंगलाष्टकं झाली ती 'शुभमंगल सावधान — ढुक-ढुक-ढुक' अशीच. अक्षता पडल्या, हार घातले, सप्तपदी झाली, आणि आम्ही दोघं सगळ्यांच्या पाया पडत फिरू लागलो. काका सापडले, पांढरेशुभ्र, सदऱ्यावर एक सुरकुती नाही. काकू सापडेना.

ती बाहेर होती. थोरलीपासून जरा लांब, मांडवाच्या खांबामागे, आणि समोर लछूभाई.

लछूभाई म्हणजे उल्हासनगर कॅम्पातले आमचे जुने सिंधी मेकॅनिक. डिझेल इंजिनाचा पंप, म्हणजे टाकीतलं डिझेल मोजून-मापून दाबाने इंजिनात सोडणारा भाग, दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांना लग्नाचं आमंत्रण होतंच. एका हातात आहेराचं पाकीट, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. जड, खालून तेलाचा डाग आलेला. आणि चेहरा असा, की जणू स्वतःच्याच तेराव्याला आलेत.

काकू कुजबुजत होती, "हात जोडते, भाऊ, काय बोलू नका. आधी जेवून घ्या. श्रीखंड हाय."

"भाभी, श्रीखंड कसं खाऊ? ते काय चाललंय तिकडे? मला आधी समजावा ना!"

आम्ही नवरा-नवरी, मागे काका, त्यांच्या मागे फोटोग्राफर असे तिथे पोचलो. काकूने आम्हाला बघितलं आणि कपाळावर हात मारला. लछूभाईंनी काकांना बघितलं आणि त्यांचा धीर सुटला.

"साईं, ही गाडी इथे आली कशी?"

"कशी म्हणजे? चालवत आणली."

"चालवत कशी आणली? अरे, पंप तर माझ्या थैलीत आहे!"

आणि त्यांनी पिशवी उघडून दाखवली.

माझ्या तेवीस-चोवीस वर्षांच्या आयुष्यात मी तेवढी शांतता ऐकली नव्हती. कारण त्या क्षणी, म्हणजे 'थैलीत आहे' हे शब्द हवेत असतानाच, भिंतीकडेची थोरली एकदा खोकली. पाण्यातून बाहेर आलेली म्हैस अंग झटकते, तशी नाकाडापासून मागच्या फाळक्यापर्यंत हलली. आणि बंद पडली.

सनईची कॅसेटही नेमकी तेव्हाच संपली. तो योगायोग असेल. मी त्याचा हट्ट धरत नाही.

"आता झालं समाधान?" काकू लछूभाईंवर ओरडली. सकाळपासून दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. "गावापासून इथवर दातखीळ बसल्यासारखी बसले मी. जीभ चावून चावून रक्त यायचं बाकी होतं. आणि तुम्ही आलात ते सरळ तिच्या तोंडावर सांगितलंत!"

मग उलगडा झाला. म्हणजे अर्धा. लछूभाई कधीचे सांगत होते, गाडी धूर फार सोडते, पंप एकदा काढून सेटिंगला द्या. काका तयार नव्हते. नुसत्या शपथेवर काकूचा पूर्ण भरवसा नव्हता. गाडी चालू असली की नवऱ्याचा हात बॉनेटकडे जाणारच. तेव्हा आदल्या दिवशी काका उरलेल्या पत्रिका वाटायला गेले असताना तिने लछूभाईंना बोलावून पंप काढून न्यायला लावला. बस तर होतीच. लग्न झालं, की लछूभाई वऱ्हाडाबरोबर गावाला येणार, पंप बसवणार, काकांना पत्ताही लागणार नाही. फोटो पांढराशुभ्र येणार. इतकी साधी योजना.

काकांचा चेहरा बघवत नव्हता. "माझ्या थोरलीचं काळीज काढून दिलंस... आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला नाय सांगितलं," काकू म्हणाली, "आणि तिलाही नाय सांगितलं. म्हणून तर चालली! मी सांगायला धावले होते. पण शब्द तोंडातनं निघायच्या आत ती चालू झाली. मग काय करू? सांगून बंद पाडू? पोराचं लग्न मोडू?"

मी अर्थातच पुढे झालो. डिप्लोमा मेकॅनिकल! म्हटलं, "एक मिनिट. लछूभाईंचा गोंधळ झाला असेल. दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा पंप असेल. बॉनेट उघडू, बघू."

पण उघडणार कोण? माझ्या अंगावर जरीचा शेला, आणि शेल्याच्या दुसऱ्या टोकाला बायको बांधलेली. लछूभाई मटकन खुर्चीवर बसलेले. काकांचे हात शिवशिवत होते, मला दिसत होतं. ते एक पाऊल पुढे गेले... आणि थांबले. दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"मी नाय. शपथ घेतलीय. तिचीच घेतलीय."

काकूने त्यांच्याकडे बघितलं. मग पदर खोचला, तरातरा गेली, आणि आयुष्यात पहिल्यांदा थोरलीचं बॉनेट स्वतः उघडलं.

मी वाकून बघितलं. बायकोने बघितलं. सासऱ्यांनी चष्मा लावून बघितलं. जिथे पंप असतो तिथे भोक होतं. जागा मोकळी, बोल्ट काढलेले, नळ्यांच्या तोंडांना लछूभाईंच्या गॅरेजातल्या चिंध्या कोंबलेल्या, कचरा जाऊ नये म्हणून. एकही चिंधी हललेली नव्हती. काकूचा डोळ्यांवर विश्वास बसेना. तिने आत हात घातला आणि त्या मोकळ्या जागेत सगळीकडे चाचपून बघितलं, डब्यात तळाला काही उरलंय का बघावं तसं.

"खरंच काय नाय हो आत," ती हळूच म्हणाली. आणि मग बॉनेटकडे बघून, त्याहून हळू, "बाई गं..."

त्यानंतर लछूभाईंनी तिथेच, श्रीखंड-पुरी खाऊन, पंप बसवला. काका शेजारी खुर्ची टाकून, हाताची घडी घालून सूचना देत होते. त्यांच्या आयुष्यातला तो सगळ्यात कठीण दिवस असावा. सपाट जागेवर गाडी चालू होईना. शेवटी तीनच्या लग्नाचं जे वऱ्हाड आलं होतं, त्यांनी धक्का मारला. थोरली चालू झाली, आणि असा काळा भपकारा सोडला की त्या वऱ्हाडातला नवरा सावळा झाला. म्हणजे तब्येत पूर्ववत.

आता शास्त्र. मी याचा पिच्छा सोडला असेल असं वाटलं का तुम्हाला? कंपनीतल्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, काही वेळा डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन चालतं. खरं आहे. पण तसं झालं की ते पिसाळतं, किंचाळतं, फुटेपर्यंत पळतं; मंगलाष्टकांना साथ करत उभं राहत नाही. शिवाय ऑइल मी दुसऱ्या दिवशी तपासलं. काठोकाठ होतं. कुणी म्हणालं, उताराच्या जोरावर आलात. मग फाटकाचा चढ? सासऱ्यांचं म्हणणं, "जावईबापू, तुम्ही दुसऱ्याच ट्रकने आला असाल." त्यांच्या स्वभावाला पटेल असं एवढंच होतं. लछूभाईंनी विषयच बंद केला. मात्र त्यानंतर ते कुठल्याही गाडीचा पंप काढला, की तिच्या बॉनेटवर थाप मारून मोठ्याने सांगायचे, "पंप घेऊन चाललो हां!" कॅम्पात लोक हसायचे. ते म्हणायचे, हसा.

काकूला विचारलं तर ती एकच सांगते. "बाईमाणसाला सांगू नये, तुझ्यात काय कमी हाय. न सांगता ती सगळं ओढते. सांगितलंस की बसली." आमची ही हे वाक्य महिन्यातून एकदा तरी वापरते.

पुढे काकांचे गुडघे गेले, थोरलीचा सांगाडा उल्हासनगरला भंगारात गेला. इंजिन मात्र वांगणीच्या एका शेतकऱ्याने नेलं, विहिरीचं पाणी ओढायला. मी एकदा बघायला गेलो होतो. ओळखीची ढुक-ढुक बांधावरूनच ऐकू आली. शेतकरी म्हणाला, "इंजिन झकास हाय. फक्त यात काय काय जुनं झालंय ते तुम्ही बघून सांगता का?"

मी डिप्लोमा मेकॅनिकल. चष्मा लावला, वाकलो... आणि म्हणालो, "काही नाही. सगळं ठीक आहे." आणि जरा मोठ्यानेच म्हणालो.

उत्तर माझ्याकडे आजही नाही. कुणाकडे असेल तर खाली जरूर लिहा, फक्त 'ऑइल पिऊन' लिहू नका.

पुरावा म्हणाल तर एक फोटो आहे. त्या दुपारी फोटोग्राफरने घाईघाईत काढलेला, बॉनेट अजून उघडंच असताना. थोरलीपुढे काका-काकू जोडीने उभे आहेत. काका पांढरेशुभ्र, टोपीपासून चपलेपर्यंत एक डाग नाही, हात अजून पाठीमागेच. आणि शेजारी नव्या शालूतली काकू... कोपरापर्यंत काळी, नाकावर तेल, गालावर तेल, आणि तोंडभर हसतेय.

हा फोटो तिने भिंतीवर लावलाय.